गावची रंगभूमी आणि परदेशांतील लोकशिक्षणाची नाट्ये

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी नाटकाचा जन्म सांगलीस झाला ही गोष्ट कृष्णाकाठचा प्रत्येक शिक्षक वर्गात अभिमानाने सांगतो. तो जन्म कसा झाला, हे मात्र तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचा एक मेळा सांगली संस्थानात खेळ करण्यास आला. संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी ते खेळ पाहिले आणि त्याच धर्तीचे, पण अधिक नेटके खेळ मराठीत व्हावेत, अशी इच्छा आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे ह्यांच्यापाशी व्यक्त केली. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. त्या घटनेच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. म्हणजे ज्या गोष्टीस महाराष्ट्र आपले अस्सल धन मानतो, ती मुळात परभाषेतील एका खेळाकडे डोळसपणे पाहून घडविलेली आहे. भाव्यांनी भागवतांची नक्कल केली नाही. घेण्याजोगे घेतले, टाकण्याजोगे टाकले. परदेशांत गेल्या अर्धशतकात लोकशिक्षणासाठी व ग्रामविकासासाठी जी नाट्ये झाली, त्यांपासून सातारा-सांगलीच्या गावांनी काय घ्यावे, ह्या प्रश्नाचा विचार करताना भाव्यांची ही रीत समोर असलेली बरी. परदेशी म्हणून नाक मुरडू नये आणि परदेशी म्हणून डोक्यावरही घेऊ नये.

भाव्यांच्या नाटकांतील आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पदे सूत्रधार गात असे. पात्रांची भाषणे लिहून दिलेली नसत. पदाचा अर्थ धरून पात्राने आयत्या वेळी बोलावयाचे. राक्षसांच्या आरोळ्यांमुळे त्या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असे हिणविले गेले, आणि छापील संहितेची नाटके आली तेव्हा हे आयत्या वेळचे बोलणे गावठी ठरले. तमाशाने मात्र ते सोडले नाही. गण, गौळण, बतावणी आणि वग ह्या क्रमात वगाचे कथानक ठरलेले असे, पण सोंगाड्या गावातील कालच्या भांडणावर आज बोट ठेवू शके. तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमाबाबूंचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग समजला जातो. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि मिरज तालुक्यातील कवलापूरची काळू-बाळूंची जोडी हीही ह्याच मातीतील. प्रेक्षकाने अर्ध्यावर ओरडून काही विचारावे आणि सोंगाड्याने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे, ही गोष्ट येथील माणसास नवी नाही. पुढे परदेशी प्रयोगांचे वर्णन येईल, तेव्हा हे स्मरणात असावे.

लोकशिक्षणासाठी नाटक ही कल्पनाही बाहेरून आलेली नव्हे. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक भाबडे कुणबी जोडपे, त्यांना ग्रहदशेचे भय घालून नागविणारा जोशी, मधून मधून टोचून बोलणारा विदूषक आणि शेवटी रात्रीच्या शाळेत जाण्याचा त्या जोडप्याचा निश्चय, असा त्याचा विषय. हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले गेले. तेथे त्याला आश्रय मिळाला नाही, आणि छापून प्रसिद्ध होण्यास सव्वाशे वर्षांच्या जवळपास काळ लागला. प्रौढांच्या शिक्षणाविषयीचे नाटक सव्वाशे वर्षे कागदांत पडून राहते, ही गोष्ट शिक्षणखात्याशी संबंध असलेल्या कोणालाही विचार करावयास लावणारी आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे जलसे पुढे ह्या जिल्ह्यांत गावोगाव झाले. त्यांनी तमाशाचा सांगाडा ठेवला आणि आशय पालटला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे ह्यांनी १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर ह्यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. गणातील देवतेच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले, गौळण गळाली, आणि तमाशाचे लोकनाट्य झाले. अण्णाभाऊ शाळेत अवघा दीड दिवस बसले, असे सांगतात. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे ह्यांची मुक्तनाट्येही ह्याच परंपरेतील.

इतका वारसा असता आजच्या गावातील प्रबोधननाट्याची अवस्था काय आहे? शाळेच्या स्नेहसंमेलनात, व्यसनमुक्ती सप्ताहात किंवा स्वच्छतेच्या मोहिमेत जी नाटुकली होतात, त्यांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. पहिल्या प्रवेशात दारुडा येतो, दुसऱ्यात बायकोला मारतो, तिसऱ्यात गुरुजी किंवा डॉक्टर येऊन पाच मिनिटे बोलतात, आणि चौथ्यात तो दारुडा बाटली फोडून जयघोषात सामील होतो. टाळ्या पडतात. प्रेक्षकांत बसलेला खरा दारुडाही मनापासून टाळ्या वाजवितो आणि वाटेत थांबून मगच घरी जातो. त्याला फसविले गेले, असे त्याला वाटत नाही. कारण नाटकात त्याच्याविषयी काही नव्हतेच. दारू का पितात, ती गावात कोण आणतो, बायकोने माहेरी जावे तर भाऊ ठेवून घेतो काय, ह्यांपैकी एकही प्रश्न रंगमंचावर आलेला नसतो. उपदेश पोहोचला, अहवालात नोंद झाली.

ह्या विषयाशी सातारा जिल्ह्याचा एक मोठा अनुभव निगडित आहे. १९५९ साली ह्याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्राथमिक शिक्षक, शिकलेले गावकरी व विद्यार्थी ह्यांनी मिळून गावातील प्रौढ निरक्षरांना काही महिन्यांत लिहावाचावयास शिकवावे, गावाने ग्रामदैवताच्या साक्षीने प्रतिज्ञा करावी, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करावा, अशी तिची रचना होती. ती पुढे राज्यभर पसरली आणि १९७२ मध्ये युनेस्कोनेही तिचा गौरव केला. पगारी यंत्रणा न वाढविता गावाच्या ईर्षेवर चाललेले असे काम जगात थोडे. तरीही मोहीम ओसरल्यावर अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले, हाही अनुभव पदरी पडला. समारंभाला गाव जमले, परंतु समारंभानंतर वाचावयाचे काय आणि कशासाठी, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारावा अशी जागा कोठे नव्हती. १९९० च्या सुमारास संपूर्ण साक्षरतेच्या चळवळीत देशभर कलाजथे निघाले. त्यांतील गाणी पुष्कळांना अजून पाठ आहेत. पण जथा पुढच्या गावी गेला की मागच्या गावातील बोलणेही बहुधा थांबे.

परदेशांतील अनुभव येथे उपयोगी पडतो. आणि त्यांत यशापेक्षा फसगतीच अधिक शिकविणाऱ्या आहेत.

आफ्रिकेतील बोत्सवाना देशात १९७४ साली ‘लाएद्झा बातानानी’ ह्या नावाने एक उपक्रम सुरू झाला. सूर्य वर आला आहे, चला मिळून कामाला लागू, असा त्या नावाचा भावार्थ. प्रौढशिक्षणाचे काम करणाऱ्या मंडळींनी तो योजिला होता. आधी गावातील प्रमुखांची बैठक घ्यावयाची, त्यांच्याकडून गावच्या अडचणी समजून घ्यावयाच्या, त्यांवर नाचगाण्यांसह छोटे नाटक बसवावयाचे, आठवडाभर गावोगाव प्रयोग करावयाचे, आणि प्रत्येक प्रयोगानंतर प्रेक्षकांचे गट पाडून चर्चा करावयाची. गुरांच्या चोऱ्या, वाढती महागाई, पुरुष दूरच्या खाणींत कामाला गेल्याने विस्कटलेली घरे, असे विषय आरंभी आले. प्रयोगांना गर्दी झाली. नाटकानंतर प्रेक्षकाला घरी न पाठविता बोलते करावयाचे, ही त्यातील मोलाची गोष्ट. कलाजथ्यांना जे साधले नाही ते येथे योजनेतच होते. परंतु काही वर्षांनी त्याच उपक्रमातील रॉस किड व मार्टिन बायराम ह्या कार्यकर्त्यांनी आपल्याच कामाची परखड तपासणी केली. अडचणी कोणत्या हे ठरविणारे गावातील वजनदार लोक आणि खात्यांचे कर्मचारी होते; त्यामुळे नाटक हळूहळू आरोग्याच्या व स्वच्छतेच्या सूचना सांगणारे साधन बनले, आणि गरिबांच्या दैन्याचे कारण जणू त्यांचे अज्ञान हेच आहे, असा त्याचा सूर लागला, हे त्यांनी मान्य केले. सरपंच, पतसंस्थेचा अध्यक्ष, ट्रॅक्टरवाला आणि मुख्याध्यापक ह्यांना बसवून गावच्या अडचणींची यादी केली, तर त्या यादीत सावकारी व्याज येईल काय? बोत्सवानाला जाण्याची जरुरी नाही.

ब्राझीलचे ऑगस्तो बोआल ह्यांचे नाव आता नाट्यशिक्षणात सर्वत्र घेतले जाते. ते १९३१ साली जन्मले व २००९ साली वारले. १९६०च्या दशकाच्या आरंभी बोआल व त्यांची मंडळी ईशान्य ब्राझीलच्या दरिद्री मुलखात शेतकऱ्यांपुढे नाटक करीत. जमिनीसाठी रक्त सांडावे लागले तरी बेहत्तर, अशा अर्थाच्या वीरश्रीच्या घोषणेने आणि उंचावलेल्या बंदुकांनी एक प्रयोग संपला. विर्जिलिओ नावाचा एक शेतकरी गहिवरून पुढे आला. आमच्याबरोबर जेवा, मग तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या माणसांना हुसकावून लावू, असे तो म्हणाला. नटांनी गडबडून सांगितले, की बंदुका लाकडी आहेत. हरकत नाही, बंदुका आमच्याकडे आहेत, तुम्ही तरी खरे आहात ना, तेव्हा चला, असे त्याचे उत्तर होते. नटांना पुन्हा सांगावे लागले, की आम्ही खरे नट आहो, खरे शेतकरी नव्हे. तेव्हा विर्जिलिओच्या ध्यानात आले, की जे रक्त सांडावयाचे ते त्याचे होते, ह्यांचे नव्हते. जे धाडस आपण करणार नाही, ते दुसऱ्यास सांगणारे नाटक पुन्हा करावयाचे नाही, असा निर्धार बोआल ह्यांनी त्यानंतर केला. बदलीच्या गावी काम करणाऱ्या शिक्षकास ह्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१९७१ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने बोआल ह्यांना तुरुंगात टाकले आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ साली ते पेरू देशात एका साक्षरता मोहिमेत काम करीत होते. एका निरक्षर स्त्रीने आपली हकीकत सांगितली. नवरा दर थोड्या दिवसांनी तिच्याकडून घर बांधण्यासाठी म्हणून पैसे नेई आणि त्याच्या पावत्या म्हणून काही कागद आणून देई. तिला वाचता येत नव्हते. एके दिवशी शेजारणीला ते कागद दाखविले, तो ती निघाली त्याच्या दुसऱ्या बाईने त्याला लिहिलेली प्रेमपत्रे. नवरा उद्या घरी येणार; काय करू? ह्यावर नटांनी नाटक केले आणि प्रसंग ऐन टोकास आला तेव्हा थांबून प्रेक्षकांस उपाय विचारले. कोणी म्हणाले, रड. कोणी म्हणाले, घर सोड. कोणी म्हणाले, दार लावून घे. एक धिप्पाड बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोल आणि मग क्षमा कर. नटीने ते करून दाखविले. बाईचे समाधान होईना. पुन्हा केले, पुन्हा नाही. शेवटी बोआल ह्यांनी तिलाच वर बोलावले. तिने नवऱ्याचे काम करणाऱ्या नटास धरले, केरसुणीने चांगले बडविले, आणि मग त्याला क्षमा करून जेवण वाढ म्हणून फर्मावले. स्पष्ट बोलणे म्हणजे काय, ते सर्वांना कळले.

ही हकीकत स्वतः बोआल ह्यांनी लिहून ठेवली आहे. तिच्यातील विनोद सोडला तरी दोन गोष्टी उरतात. लिहितावाचता न येण्याची खरी किंमत काय, हे कोणत्याही साक्षरता गीतापेक्षा त्या प्रेमपत्रांनी अधिक चांगले सांगितले. आणि प्रेक्षकाच्या मनात काय आहे, हे त्याच्या वतीने बोलून कळत नाही. त्याला वर येऊन करू द्यावे लागते. ह्यातूनच पुढे त्यांचे चर्चानाट्य घडले. नाटक दहापंधरा मिनिटांचे आणि त्याचा शेवट अपयशाचा. ते एकदा पुरते करावयाचे, मग पुन्हा आरंभ करावयाचा. दुसऱ्या खेपेस कोणीही प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून नाडलेल्या पात्राची जागा घेईल आणि वेगळे वागून पाहील. बाकीची पात्रे आपापल्या स्वभावाप्रमाणे त्याला विरोध करतील, सहजासहजी हार जाणार नाहीत. दोहोंच्या मध्ये एक मनुष्य उभा राहतो. तो उपाय सांगत नाही, केवळ विचारतो, की असे खरोखर घडेल काय? बोआल त्याला पत्त्यांतील जोकर म्हणत. सोंगाड्या हे त्याचे मराठी नाव शोधावयास दूर जावे लागणार नाही. बंगालमध्ये जन संस्कृति ह्या संस्थेने १९८५ पासून खेड्यांतील शेतमजुरांना घेऊन हीच पद्धत रुजविली आहे. तेव्हा ती ह्या देशात चालत नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

केनियातील कामिरीथू ह्या गावची गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे, कारण तिचा आरंभ साक्षरतेच्या वर्गातून झाला. १९७६ च्या सुमारास तेथील लोकशिक्षण केंद्रात शेतमजूर व कामगार आपल्या गिकुयू भाषेत लिहावाचावयास शिकत होते. न्गुगी वा थिओंगो व न्गुगी वा मिरी ह्या लेखकद्वयाने त्यांच्यासाठी एका नाटकाचा कच्चा मसुदा केला. एका मजुराजवळ दीड एकर जमीन असते, तिचा दाखला त्याने भिंतीवर लावून ठेवलेला असतो, आणि लग्नसमारंभ थाटात करण्यासाठी कर्ज काढावयास लावून धनिक ती जमीन गिळंकृत करतो, असा त्याचा विषय. मसुदा गावात वाचला गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी भाषेतील चुका काढल्या: ह्या वयाचा माणूस असे बोलत नाही, ही म्हण येथे बसत नाही. कारखान्यातील कामगारांनी मजुरीचे आकडे सांगितले. तालमी उघड्यावर, सर्वांदेखत झाल्या. सुमारे दोन हजार प्रेक्षक बसतील असे उघडे नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने बांधले. २ ऑक्टोबर १९७७ रोजी पहिला प्रयोग झाला. १६ नोव्हेंबरला सरकारने परवाना काढून घेतला. वर्षअखेरीस थिओंगो ह्यांना अटक झाली आणि सुमारे एक वर्ष ते खटल्याविना स्थानबद्ध होते. १९८२ साली पोलिसांनी ते नाट्यगृह जमीनदोस्त केले. सहा आठवडे चाललेल्या एका नाटकाचे राज्यकर्त्यांना इतके भय का वाटावे? थिओंगो ह्यांची इंग्रजी पुस्तके त्यापूर्वी राजरोस छापली जात होती. गावकऱ्यांच्या भाषेत, त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच हिशेबाचे आकडे बाहेर पडले, तेव्हा मात्र ते सोसले नाही.

म्हातारीने संहितेतील म्हण दुरुस्त करावी, ही बाब किरकोळ वाटते. पण जत भागातील कानडी वळणाची मराठी, माणदेशातील धनगरी बोली आणि कराडकडील ठसका ह्यांना शाळेच्या रंगमंचावर फक्त नोकराच्या किंवा वेडगळाच्या तोंडी जागा असते. मुख्य पात्र पुस्तकी बोलते. ज्या भाषेत गावाचे दुःख आहे, ती भाषा हसण्यासाठी आणि ज्या भाषेत उपदेश आहे, ती भाषा ऐकण्यासाठी, अशी वाटणी मुलांच्या मनावर फार लवकर ठसते. भाषेची शुद्धी शिकविणे हे शिक्षकाचे काम आहेच. तथापि नाटकाच्या तालमीत तपासनीसाचे पद म्हातारीकडे द्यावे.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण ते घडत नाही असे कोणी म्हणणार नाही. कृष्णा-वारणेच्या काठी साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की बीडकडून आणि त्याचप्रमाणे जत व माणदेशाच्या कोरड्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडावयाची म्हणजे पोरांसह जावयाचे. सहावीतील मुलगी पहाटे धाकट्या भावाला घेऊन कोपीत राहते आणि तिचे नाव पटावर तसेच असते. ह्या विषयावरील रूढ नाटकात गुरुजी बापाला मुलीच्या शिक्षणाचे महत्त्व पटवून देतात. जणू बापाला ते ठाऊकच नव्हते! चर्चानाट्याच्या रीतीने हेच मांडावयाचे तर नाटक गाडी भरण्याच्या पहाटेशी थांबेल. मुलगी दप्तर घेऊन उभी, मुकादम घाई करीत आहे, आजी म्हणते मला दिसत नाही, मी हिला सांभाळू कशी. आई बोलत नाही. आणि गाडी मुलीसह निघून जाते. एवढेच नाटक. मग सोंगाड्या प्रेक्षकांकडे वळेल: आईच्या जागी कोण येते?

येथे शिक्षकाने गप्प राहावयाचे आहे. आणि हे शिक्षकाला सर्वांत कठीण. कोणी बाई वर येऊन मुकादमाशी भांडेल. मुकादमाचे काम करणारा म्हणेल, उचल परत टाका. ती खाली बसेल. कोणी म्हणेल, मुलीला मामाकडे ठेवू. मामी उठून सांगेल, माझीच चार आहेत. कोणाला हंगामी वसतिगृहाची आठवण होईल, आणि मग कळेल, की त्या सोयीची माहिती गावातील निम्म्या घरांना नव्हती, किंवा होती पण मुलीला रात्री तेथे ठेवण्याची आयांना धास्ती वाटत होती. ही धास्ती कोणत्याही सर्वेक्षणाच्या रकान्यात येत नाही. तिचे उत्तर नाटकात मिळेलच असे नाही. पण प्रश्न कोणता आहे, हे तरी त्या रात्री गावासमोर येते. नुसती जनजागृती करणाऱ्यांना तो वर्षानुवर्षे सापडत नाही.

विर्जिलिओची आठवण येथेच ठेवली पाहिजे. प्रत्यक्ष उचल घेतलेल्या घरातील माणसाला मुकादमाविरुद्ध रंगमंचावर उभे करणे सोपे आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमाकडे त्याला जावयाचे असते. म्हणून नाटक एका घराचे असू नये, नावे व खुणा बदलाव्यात, आणि कोणाला वर येण्याचा आग्रह करू नये. मुकादमही बहुधा त्याच पंचक्रोशीतील, स्वतः कधी काळी कोयता धरलेला असतो. त्याला राक्षस करून ‘अललडुर्र’ म्हणायला लावले, की नाटक सोपे होते आणि खोटेही. शिक्षकाचेही पोट नोकरीवर आहे, ह्याचा विसर पडू देऊ नये. परिपत्रकाने धाडस मागता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली रिंगणनाट्ये बसविली. व्यावसायिक नट नसलेली ही माणसे चौकात गोल करून उभी राहिली. तेथे जोखीम सांगणाऱ्याची आणि पत्करणाऱ्याची एकच होती, म्हणून त्या बोलण्याला वजन आले. खंडाळा तालुक्यातील नायगावच्या सावित्रीबाईंवर सुषमा देशपांडे ह्यांनी १९८९ पासून केलेला ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग पुष्कळ शिक्षिकांनी पाहिला असेल. त्यालाही ना पडदा लागे, ना मोठा खर्च.

नाटकाने बोलते झालेले गाव पुढे काय करील, हा प्रश्न बोआल ह्यांनाही पडला. १९९३ ते १९९६ ह्या काळात ते रिओ शहराच्या सभागृहाचे सदस्य होते. त्यांच्या नाट्यगटांनी वस्त्यांत प्रयोग केले. प्रेक्षकांनी सुचविलेले उपाय टिपून घेतले गेले, वकिलांनी त्यांना कायद्याच्या भाषेत बसविले, आणि त्यांतून तेरा कायदे संमत झाले. येथे तेवढ्या खटाटोपाचे कारण नाही. ग्रामसभा आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेली शाळा व्यवस्थापन समिती आहे. नाटकाच्या वेळी एकाने पाटीवर किंवा वहीत सूचना लिहून घ्याव्यात. ते काम नवसाक्षर स्त्रीकडे दिल्यास उत्तम. ती वही समितीपुढे वाचावी.

एवढे मात्र पाहिले पाहिजे, की हे सारे टोळ्या निघण्यापूर्वी व्हावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या हलतात. रूढ ग्रामसभांपैकी २ ऑक्टोबरची सभा त्याच्या थोडी आधी येते, आणि हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी तत्पूर्वी तयार असावी लागते. गणेशोत्सवात मांडव असतो, दिव्याची सोय असते, तरुण मंडळी मोकळी असतात आणि बाया जमतात. तालीम तेथे सुरू करावी. पाचसहा पात्रे, एक घोंगडी, एक कोयता आणि एक दप्तर एवढ्यावर काम भागते, पाठांतर नको. पहिला प्रयोग शाळेच्या पटांगणात न करता वस्तीवर करावा, म्हणजे जी माणसे शाळेत येत नाहीत तीही असतील, आणि रात्री नवाच्या सुमारास करावा, कारण त्याआधी बायांच्या चुली विझलेल्या नसतात.